समुद्र नसलेल्या मुलखाची विमाने

हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. चारी बाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थानची जमीन आणि मध्ये हा एवढा मोठा मुलूख. स्वतःचे बंदर असावे ही निजाम सरकारची जुनी तळमळ होती. इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर पोर्तुगिजांच्या गोव्यातून मार्मागोव्यापर्यंत वाट मिळावी म्हणून खटपटीही झाल्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. आमच्या बदनापूरहून समुद्र पाहायला निघालेल्या माणसाला मनमाडपर्यंत निजामाच्या छोट्या गाडीने जावे लागे आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबई गाठावी लागे. पुष्कळांनी तो जन्मभर पाहिला नाही. पाहिला तो बहुधा हजच्या सफरीत, बंदरावर जहाजाची वाट बघताना.

आणि तरीही दुसऱ्या महायुद्धात या समुद्र नसलेल्या संस्थानाच्या धन्याच्या नावाची एक युद्धनौका भूमध्य समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत फिरत होती, आणि आज भारतीय नौदलाचे तरुण अधिकारी विमान चालवण्याचे पहिले धडे घेतात ते याच जुन्या संस्थानाच्या जमिनीवर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आम्ही मराठवाड्यातले लोक निजामी जमान्याविषयी बोलतो तेव्हा रझाकार, पोलीस ॲक्शन आणि मुक्तिसंग्राम यांच्या पलीकडे सहसा जात नाही. संस्थानाच्या आकाशाचाही एक इतिहास आहे. त्यात आमच्या वाडवडिलांच्या खिशातले पैसे गेले आहेत, म्हणून तो आमचाही आहे.

आमच्या घरातली वडीलधारी मंडळी विमानाला ‘तय्यारा’ म्हणत. हा शब्द आता ऐकू येत नाही. शेतात काम करताना वरून घरघर आली की हातातले काम टाकून सगळे वर बघत, असे ते सांगत. बदनापूर हे हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेवरचे स्टेशन. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ही मीटरगेज लाइन मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेपर्यंत पोचली. १९३० साली निजाम सरकारने आपल्या संस्थानातली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. दोनच वर्षांनी, १९३२ साली, त्याच रेल्वे खात्याने सत्तावीस गाड्यांनिशी बससेवा काढली. आगगाडी आणि मोटार एकाच खात्याच्या हाती असणे ही त्या काळी हिंदुस्थानात सहसा न दिसणारी गोष्ट होती. खालचे रस्ते ताब्यात आल्यावर नजर वर जाणारच.

ती वर गेली त्याआधीच पैसा मात्र वर गेला होता.

पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाईदलाला विमाने घेऊन दिली. डीएच-९ए जातीची ही बाँबफेकी विमाने ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली आणि १९१८ च्या सप्टेंबरात ही स्क्वाड्रन फ्रान्समध्ये दाखल झाली. प्रत्येक विमानावर, ते हैदराबादच्या निजामाने भेट दिले आहे अशी इंग्रजी अक्षरे आणि हैदराबाद क्रमांक अमुक असा आकडा रंगवलेला असे. युद्धाचे शेवटचे काही आठवडेच काय ते उरले होते, पण जर्मन शहरांवरच्या दिवसाढवळ्याच्या हल्ल्यांत या स्क्वाड्रनची फार हानी झाली. त्यातले ‘हैदराबाद क्रमांक १२ ए’ हे विमान १९१८ च्या ऑक्टोबरात जर्मनांच्या हाती सापडले. ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, तिथून पुढच्या युद्धाच्या धामधुमीत पोलंडात पोचले, आणि १९७७ साली इंग्लंडने ते परत मिळवले. आज ते लंडनच्या हेंडन भागातील हवाईदलाच्या संग्रहालयात आहे. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षे झाली, त्याचे नाव असलेले लाकूड-कापडाचे विमान मात्र तिकडे शाबूत आहे.

या सेवेचे इनाम म्हणून निजामांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली आणि त्यांच्या किताबांत ब्रिटिश सरकारचे ‘विश्वासू मित्र’, म्हणजे ‘यार-ए-वफादार’, ही बिरुदे जोडली गेली. हे बिरुद पुढे विमानांवरही चढले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा १५२ आणि २५३ या आणखी दोन स्क्वाड्रनांना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ च्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि खाली ब्रीद आहे, ‘विश्वासू मित्र’. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टलंडच्या नाविक तळाची राखण करीत १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या स्पिटफायरच्या वैमानिकांनी ती दस्तार कधी डोक्यावर घातलेली कोणी पाहिली नसेल. २५३ ची हरिकेन विमानेही त्याच लढाईत होती. आणि ११० तर युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरातील जर्मन युद्धनौकांवर चालून गेली. ब्रिटिश हवाईदलाचा त्या युद्धातला तो पहिला बाँबहल्ला, आणि त्याच्या अग्रभागी होती हैदराबादचे नाव असलेली स्क्वाड्रन. पुढे ११० आणि १५२ या दोन्ही पूर्वेकडे आल्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या.

युद्धनौकेची गोष्ट याहून विलक्षण आहे. ‘निझाम’ नावाची ही विनाशिका ब्रिटनमध्ये बांधली गेली, १९४० साली पाण्यात उतरली आणि १९४१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या नौदलात रुजू झाली. तिच्यासाठी निजामांनी पैसा दिला होता, म्हणून तिला ते नाव. क्रीट बेटावरून माघार घेणाऱ्या फौजा काढून आणण्याच्या कामी ती होती. १९४५ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ एका प्रचंड लाटेने तिला आडवे केले आणि दहा खलाशी समुद्रात वाहून गेले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीवर सह्या केल्या, तेव्हा तिथे जमलेल्या दोस्तांच्या जहाजांत ‘निझाम’ही होती. १९५० च्या दशकात ती मोडीत निघाली.

हे वाचताना छाती फुगावी असे आमच्यातल्या काहींना वाटते. हुजूर निजामांच्या दातृत्वाच्या कहाण्या आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत: अलिगड, बनारस, मक्का-मदिना. त्या कहाण्या खोट्या नाहीत. पण दान कोणाच्या खजिन्यातून झाले हे विचारायचे राहून जाते. संस्थानाचा मुख्य महसूल जमिनीचा होता आणि जमीन कसणारा कुणबी, मग तो मराठी बोलणारा असो, तेलुगू की कन्नड, हिंदू असो की मुसलमान, त्या दानाचा भागीदार होता. युद्धाच्या काळात तर धान्याची सक्तीची लेव्ही आली. खळ्यावरून धान्य उचलले जाई. तेलंगणात या लेव्हीचा संताप १९४६ च्या शेतकरी उठावात मिसळला. औरंगाबाद सुभ्यात तसा उठाव झाला नाही, पण लेव्हीची आठवण आमच्याकडेही होती. ज्यांच्या ज्वारीतून त्या खजिन्यात भर पडली, त्यांनी ते जहाज ना पाहिले, ना त्याचे नाव ऐकले. आम्हांला निजामांवर ठपका ठेवायचा नाही. त्या काळी लहान-मोठी सारीच संस्थाने असे देत होती. फक्त देणाऱ्यांच्या यादीत एकच नाव असू नये, एवढेच वाटते.

आता आमच्या स्वतःच्या आकाशाकडे येऊ.

हैदराबाद शहराबाहेर बेगमपेठेला १९३० च्या दशकात विमानतळ उभा राहिला. सुरुवात हौसेची होती. तिथे हैदराबाद एरो क्लबची छोटी विमाने उडत. १९३७ साली टर्मिनलची इमारत झाली. पुढे १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. आठ कंपन्यांनी नकार दिल्यानंतर प्रेम माथुर या तरुणीला विमान चालवण्याची नोकरी देणारी कंपनी हीच, आणि प्रेम माथुर या भारताच्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक ठरल्या. १९५३ साली राष्ट्रीयीकरण होऊन डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

मधल्या युद्धाच्या वर्षांत बेगमपेठेचे रूप पालटले. १९३२ साली स्थापन झालेल्या भारतीय हवाईदलाकडे १९३९ साली पुरती एकच स्क्वाड्रन होती. युद्ध संपताना नऊ झाल्या. एवढे वैमानिक कुठून आणायचे? महाविद्यालयातून निघालेल्या, सायकलीखेरीज काही न चालवलेल्या पोरांना काही महिन्यांत तयार करायचे होते. त्यासाठी प्राथमिक उड्डाण शाळा निघाल्या. क्रमांक एकची शाळा बेगमपेठेला होती, दुसरी जोधपूरला. दोन्ही संस्थानी मुलखात होत्या. वर्षातले बहुतेक महिने निरभ्र असणारे आकाश, आघाडीपासून दूरचे अंतर, आणि पैसा खर्च करायला तयार असलेले राजे हे तिन्ही इथे एकत्र मिळाले.

शिकाऊ विमान होते टायगर मॉथ. वर एक आणि खाली एक अशी पंखांची जोडी, लाकूड आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड. वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. वर छप्पर नाही, तोंडावर वारा. चाकांना ब्रेक नाहीत. इंजिन सुरू करायचे तर एकाने पुढे उभे राहून पंखा हाताने फिरवायचा आणि चटकन बाजूला व्हायचे. गुरुजी पुढच्या बैठकीवर, शिष्य मागे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू यावे म्हणून दोघांच्या मध्ये एक नळी. तिच्यातून गुरुजींच्या शिव्या थेट कानात येत. आठ-दहा तासांचे उड्डाण पदरी पडले की एके दिवशी गुरुजी काही न बोलता उतरून जायचे आणि पुढची बैठक रिकामी दिसायची. एकट्याने चढायचे, एक फेरी मारायची आणि उतरायचे. ज्याला हे वेळेत जमले नाही त्याची रवानगी दुसऱ्या कामावर होई. ज्याला जमले तो पुढे अंबाल्यासारख्या ठिकाणी मोठी विमाने शिकायला जाई.

धावपट्टी कुठेही होत नाही, हे इथे सांगायला हवे. आमच्या बदनापूर-जालन्याकडे काळी कापसाची माती आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा असा चिखल होतो की बैलगाडीचे चाक रुतून बसते. तूर-कापसाला ती सोन्यासारखी. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे तुरीचे वाण दूरवर पेरले जातात. पण हलक्या विमानालाही त्या काळी अशा जमिनीवर जुलै महिन्यात उतरवणे म्हणजे नाकावर आपटणे. हैदराबादेकडे खाली ग्रॅनाइटचा कठीण थर आहे. आणि बिदरचे पठार तांबड्या जांभ्या दगडाचे, पाणी झिरपून जाणारे. त्याच बिदरला, बहामनी किल्ल्याच्या गावाला, युद्धाच्या ऐन काळात १९४२ साली विमानतळ झाला. बिदर तेव्हा आमच्याच संस्थानातले. शेजारच्या उस्मानाबाद-नांदेडसारखे मराठीही तिथे कानावर पडे.

हैदराबादेतून हवाईदलात गेलेल्या तरुणांपैकी एकाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे: इद्रिस हसन लतीफ. जन्म १९२३, हैदराबादचा. शिक्षण निजाम कॉलेजात. अठराव्या वर्षी त्यांनी हवाईदल धरले, अंबाल्याला शिकले आणि २६ जानेवारी १९४२ रोजी त्यांना कमिशन मिळाले. पहिली नेमणूक कुठे व्हावी? कराचीच्या किनारा-संरक्षण तुकडीत. वापिती, ऑडॅक्स, हार्ट अशा जुन्या विमानांतून अरबी समुद्रावर घिरट्या घालायच्या आणि पाण्याखालच्या शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या. समुद्र नसलेल्या संस्थानातला मुलगा समुद्राची राखण करू लागला. पुढे इंग्लंडात हरिकेन-स्पिटफायरचे शिक्षण, मग ब्रह्मदेशाची आघाडी. फाळणी झाली तेव्हा असगर खान, नूर खान हे त्यांचे सोबती पाकिस्तानच्या हवाईदलात गेले. दोघेही पुढे त्या दलाचे प्रमुख झाले. लतीफ यांनाही बोलावणे होते. ते इथेच राहिले. १९५० साली पहिल्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीवरून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांच्या संचलनाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १९७८ ते १९८१ ते भारताचे हवाईदल प्रमुख होते आणि १९८२ ते १९८५ महाराष्ट्राचे राज्यपाल. २०१८ साली हैदराबादेतच त्यांचे निधन झाले. आमच्या शालेय पुस्तकांत आम्हांला ते भेटले नाहीत.

लतीफ कराचीला समुद्रावर टेहळणी करीत होते त्या सुमारास हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाला आणखी एक जाळे विणले जात होते. जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर ब्रिटिश नौदलाला विमानवाहू जहाजांवरची विमाने उतरवायला, दुरुस्त करायला आणि वैमानिकांचा सराव टिकवायला किनाऱ्यालगत जागा हव्या होत्या. सिलोनबरोबर कोचीन, कोइमतूर, सुलूर, तांबरम इथे नौदलाचे हवाई तळ निघाले. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवरच्या तळालाही जहाजाचे नाव लागते. इंग्रजांनी नावे निवडली ती देशी शिकारी पक्ष्यांची: कोइमतूरला ‘गरुड’, कोचीनला ‘कळुगु’, तांबरमला ‘वल्लूरु’, सुलूरला ‘वैरी’. शेवटचे नाव मराठी कानाला दचकवते, पण तमिळमध्ये तो ससाण्याच्या कुळातला पक्षी आहे.

युद्ध संपताच ही जहाजे-नसलेली-जहाजे बंद झाली. पण नावे टिकली. स्वतंत्र भारताच्या नौदलाने हवाई शाखा उभारायचे ठरवले तेव्हा कोचीनची तीच युद्धकालीन धावपट्टी हाती घेतली आणि ११ मे १९५३ रोजी तिथे ‘आयएनएस गरुड’ सुरू झाले. नौदलाच्या हवाई प्रशिक्षणाचे ते मूळ घर. सुलूरला १९६१ साली ‘हंसा’ हा तळ निघाला आणि गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली तो दाभोळीला हलला. ज्या गोव्यातून निजामांना बंदर हवे होते, तिथेच.

मध्ये १९४८ उभे आहे. ते ओलांडून पुढे जाता येत नाही.

इंग्रज गेले तेव्हा हैदराबादची परिस्थिती अशी होती: जगाच्या आकाशात तीन स्क्वाड्रनांना त्याचे नाव मिळून गेलेले, बेगमपेठेत तयार झालेले वैमानिक दोन देशांच्या हवाईदलांत, आणि स्वतःकडे लढाऊ विमान एकही नाही. ब्रिटिशांच्या सार्वभौमत्वाखाली संस्थानाला हवाईदल ठेवण्याची मुभाच नव्हती. विश्वासू मित्राने विमाने द्यायची, बाळगायची नाहीत. ‘जैसे थे’ करार, कासिम रझवी आणि त्यांचे रझाकार, गावोगावचे अत्याचार, सीमेवरच्या कॅम्पांतून होणारे प्रतिहल्ले या साऱ्याचा तपशील इथे देत नाही. पुष्कळांनी लिहिला आहे. धावपट्ट्यांपुरते बोलायचे तर १९४८ च्या उन्हाळ्यापासून सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन जातीची मोठी विमाने रात्री उडवून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवत होता. हाच कॉटन महायुद्धाच्या तोंडावर आकाशातून छुपी छायाचित्रे काढण्याच्या तंत्राचा अग्रणी म्हणून नावाजला होता. ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि दंड झाला दोनशे पौंड. त्या दोनशे पौंडांच्या बदल्यात इकडे काय काय घडले याचा हिशेब कुठल्या न्यायालयात झाला नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय सेना चारी बाजूंनी आत शिरली. वर टेम्पेस्ट विमाने होती. त्यांना अडवायला हैदराबादच्या आकाशात कोणी नव्हते. औरंगाबाद पहिल्या एक-दोन दिवसांतच पडले. तिथून जालन्याकडे जाणारा रस्ता आमच्या बदनापुरातून जातो. जालन्याला मात्र प्रतिकार झाला. १७ तारखेच्या पहाटे सेना बिदरमध्ये होती. त्याच दिवशी निजामांनी रेडिओवरून युद्ध थांबवल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले ते आमच्या घरांत दबक्या आवाजात सांगितले जाई, मुले झोपल्यावर. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती दिल्लीहून आली आणि १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळलेले, असे तिला आढळले. मृतांचा अंदाज तिने सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला. हा अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नव्हता. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली त्यांचे दुःख आणि पोलीस ॲक्शननंतर ज्यांची घरे जळाली त्यांचे दुःख, ही दोन्ही याच मातीतली आहेत. एकाचे स्मारक करायचे आणि दुसऱ्याचा उच्चारही टाळायचा, हा प्रकार आम्हांला कधी पटला नाही. बिदरच्या ज्या धावपट्टीवर रात्री बंदुका उतरल्या, तिच्या आसपासच्या खेड्यांतील अनेकांनी ना बंदूक पाहिली ना विमान. सूड मात्र त्यांच्यावर घेतला गेला.

पुढे त्या धावपट्ट्यांचे काय झाले? त्या पुन्हा शिकवण्याच्या कामी आल्या. बेगमपेठ प्रवासी विमानतळ म्हणून २००८ च्या मार्चपर्यंत चालले, शमशाबादला नवा विमानतळ झाला तोवर. हवाईदलाची दिशाशोधनाची शाळाही तिथेच होती. बिदरला १९६३ पासून वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. २००८ साली तिथे हॉक ही शिकाऊ जेट विमाने आली. २०१६ साली कमिशन मिळालेल्या भारताच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांनी पुढचे शिक्षण बिदरलाच घेतले. रात्री चोरून शस्त्रे उतरली ती जागा हीच, हे त्यांना कोणी सांगितले असेल का, असे आमच्या मनात येते.

आणि हैदराबादजवळच्या दुंडीगलला हवाईदल अकादमी झाली. तिची कोनशिला ११ ऑक्टोबर १९६७ रोजी बसवली ती राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांनी. ते स्वतः हैदराबादेत जन्मलेले, १८९७ सालचे. म्हणजे पहिल्या विमानाने जमीन सोडण्याच्या सहा वर्षे आधीचे. अकादमीत हवाईदलाच्या छात्रांबरोबर नौदल आणि तटरक्षक दलाचे अधिकारीही उड्डाण शिकतात. दीक्षान्त संचलनात हवाईदलाच्या निळ्या गणवेशांच्या जोडीला नौदलाचे शुभ्र गणवेश दिसतात आणि त्यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लावले जातात. नौदलाची पहिली महिला वैमानिक शिवांगी ही मुझफ्फरपूरची. तिचेही सुरुवातीचे उड्डाण दुंडीगललाच झाले. बाकीचे शिक्षण घ्यायला ती कोचीला, ‘गरुड’वर गेली आणि २ डिसेंबर २०१९ रोजी डॉर्निअर विमानाची वैमानिक म्हणून रुजू झाली.

दुंडीगलहून निघालेले असे अधिकारी सामान बांधून दक्षिणेची वाट धरतात. कोचीच्या धावपट्टीवरून उडाले की लगेच खाली पाणी लागते.